बिडी सोडली की छातीत धडधडतं, म्हणजे सोडणं मानवत नाही का?

अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यात तंबाखूमुक्तीचं समुपदेशन करताना एक प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. इतक्या वर्षांची बिडी एकदम सोडली तर शरीर बिघडतं का? विचारायला येते ती बहुतेक वेळा लेक, सून नाहीतर बायको. नुसती शंका म्हणून कुणी विचारत नाही. घरात एकदा सोडून झालेलं असतं. मग चार दिवसांत पोट अडलेलं, झोप उडालेली, खोकला वाढलेला, माणूस भांड्याला भांडं लागलं तरी खेकसणारा. पाचव्या दिवशी पुन्हा बिडी पेटते, सगळं जागेवर येतं आणि घरादाराची खात्री पटते की यांच्या अंगात ती भिनली आहे, आता सोडण्यातच धोका.

या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या गोष्टीतून देते. त्यांना मी इथे आबा म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आबा साठीचे, बोरी नदीच्या काठच्या एका गावातले कोरडवाहू-बागायती मिळून पाच-सहा एकरांचे शेतकरी. खरिपाला कापूस, रब्बीला दादर (रब्बीची ज्वारी) आणि हरभरा. बिडी मिसरूड फुटायच्या आधीपासूनची. दिवसाला एक बंडल, रात्री पाण्यावर असले की दीड. दोन वर्षांपासून चढ चढताना दम लागायचा, म्हणून तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यातून दम्याच्या गोळ्या चालू होत्या. त्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आदल्या वर्षी त्यांनी बिडी सोडलीही होती. आठवडाभरात छातीत धडधड सुरू झाली, हात कापायला लागले. ओळखीतल्या एकाने छातीठोक सांगितलं, "आता सोडू नका, झटका येईल." झालं.

लेक माहेरी आली तेव्हा त्यांना माझ्याकडे घेऊन आली. आबा खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "ताई, बिडी सोडी की छातीमा धडधड व्हस. मन्हा बाप नव्वद वरीस जगना, बिडी पिसन."

बापाच्या नव्वदीवर मी वाद घालत नाही. तसा बाप खानदेशात प्रत्येक गावात एकेक असतो आणि त्याच्या बरोबरीचे जे पन्नाशीतच गेले त्यांची नावं कुणी काढत नाही. मी धडधडीबद्दल विचारलं. कधी सुरू झाली, किती दिवस राहिली, चहा किती, गोळ्या कोणत्या. गोळ्यांचं नाव त्यांना सांगता येईना. "पांढरी, सकाय-संध्याकाय."

पुढचं सगळं त्या गावच्या मंडळींनी केलं, म्हणून आधी त्यांच्याबद्दल. त्या भागातल्या आशाताई, सिस्टर, आरोग्यसेवक, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांची दर महिन्याला बैठक होते. तंबाखूचं काम प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं आहेच. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरोघर जाऊन भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. क्षयरोगाच्या रुग्णालाही तो विचारला जातो. पण "हो"वर खूण झाली की फॉर्म पुढे जायचा आणि माणूस तिथेच राहायचा. त्यात ज्याचं त्याचं सांगणं वेगळं. एक म्हणणार, आजच बंद करा. दुसरा म्हणणार, रोज एकेक कमी करा. औषधाच्या दुकानावर कुणी सांगणार, बिडीपेक्षा पुडी बरी. तीन जणांचं तीन तऱ्हांनी ऐकलेला माणूस शेवटी आपल्याला सोयीचं तेवढंच धरतो, आणि यात त्याचा दोष नाही.

एका बैठकीत हे बोलून झालं आणि सगळ्यांनी एकाच भाषेत बोलायचं ठरलं. बिडी सोडायची तर एक दिवस ठरवायचा आणि त्या दिवशी पूर्ण बंद. कुणाला कमी करत जायचं असेल तर जाऊ द्यायचं, पण शेवटचा दिवस आधी ठरलेला हवा. तारखेशिवाय कमी करणारा माणूस उरलेल्या बिड्या जास्त खोल ओढतो आणि निकोटिनचा हिशेब पुरा करून घेतो. सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आशाताईने घरी जायचं, कारण तलफ तेव्हाच सगळ्यात जोरात असते. आठवड्याने उपकेंद्रात नाडी, रक्तदाब, वजन. काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सल्लामसलतीचं काम माझ्याकडे. त्याच बैठकीत आरोग्यसेवकाने खिशातली पुडी टेबलावर काढून ठेवली आणि म्हणाला, मी लोकांना सांगायला जातो तेव्हा ते आधी माझ्या ओठाकडे बघतात. त्याने आधी स्वतःची सोडली. गावात त्याच्या शब्दाला वजन आलं ते तेव्हापासून.

आबांनी तारीख स्वतः निवडली, श्रावणातल्या कानबाई या खानदेशी देवीच्या विसर्जनाचा सोमवार. मला जरा धास्तीच होती. रोटाच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) निमित्ताने सगळे भाऊबंद एका घरी जमलेले, ओट्यावर बिड्यांची देवाणघेवाण चाललेली. पण आबांचं म्हणणं होतं की कानबाईसमोर सोडली तर सगळ्या भाऊबंदांना कळेल, मग मागायची लाज वाटेल. ते त्यांच्या घराला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते.

सकाळी उठल्या उठल्या अर्ध्या तासात बिडी लागते त्याचं व्यसन तीव्र धरतात. आबांना ती अंथरुणातच लागायची. अशा माणसाला नुसत्या निश्चयावर सोडायला लावू नये असं माझं ठाम मत आहे, त्याला औषधाचा आधार द्यावा. निकोटिनचा च्युइंगम मिळतो, तो पानासारखा चघळायचा नसतो. चार-दोनदा सावकाश चावायचा, जिभेला झणझण लागली की गालात धरून ठेवायचा. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा नाही, नाहीतर तो नीट लागू पडत नाही. आबांच्या दाढा पडलेल्या, म्हणून डॉक्टरांनी दंडावर लावायची निकोटिनची पट्टी दिली.

दुसऱ्या दिवशी आशाताई गेल्या तेव्हा आबा चिडलेले होते, पोट साफ नव्हतं. हे दोन्ही होणारच होतं आणि त्यांना आधी सांगितलेलं होतं. निकोटिन आतड्यांना ढकलत असतं. ते कमी झालं की आतडी काही दिवस सुस्तावतात आणि दोन-चार आठवड्यांत आपोआप चालू लागतात. तोवर सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, केळी. जळगाव जिल्ह्यात केळी विकत आणायचीही गरज पडत नाही. खोकला वाढला तर घाबरू नये. श्वासनलिकेतले बारीक केस धुरामुळे मंदावलेले असतात, ते पुन्हा कामाला लागून साचलेला कफ बाहेर काढतात. मात्र दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर बेडका तपासून घ्यायचाच. आबांचा आशाताईंनी आधीच तपासून घेतला होता, क्षयरोग नव्हता.

सहाव्या दिवशी धडधड सुरू झाली, अगदी मागच्या वर्षीसारखी. माईंनी (आबांच्या घरून) आशाताईंना बोलावलं आणि त्या आबांना घेऊन उपकेंद्रात गेल्या. तिथल्या मॅडमनी नाडी मोजली, ती जलद होती. मग माईंना घरी पाठवून म्हणाल्या, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. माईंनी प्लास्टिकची पिशवी आणून टेबलावर उलटी केली. पित्ताच्या गोळ्या, अंगदुखीच्या, आणि त्यात ती पांढरी. दुकानदाराने दहाच्या पट्टीतून कात्रीने सहा कापून दिलेल्या, नाव नेमकं कापलेल्या तुकड्यात गेलेलं. मॅडमनी पिशवीतला प्रत्येक तुकडा उलटून पाहिला. तळाशी एक जुना, रिकामा, चुरगळलेला तुकडा निघाला आणि त्यावर नाव होतं. थिओफायलिनची गोळी. फोटो डॉक्टरांना गेला. त्यांचा लगेच फोन आला.

मला वाटतं बिडी सोडणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत हवं. बिडीच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत काही औषधं नेहमीपेक्षा लवकर संपवतं. थिओफायलिन त्यातलंच एक. ओढणाऱ्या माणसाला म्हणून त्याचा डोस जास्त लागतो. धूर बंद झाला की थोड्याच दिवसांत यकृत आपल्या मूळ गतीवर येतं, औषध रक्तात जास्त साठतं आणि धडधड, हात कापणं, मळमळ, झोप न येणं सुरू होतं. हे धुरामुळे घडतं, निकोटिनमुळे नाही, त्यामुळे पट्टी लावलेली असली तरी होऊ शकतं. चहा-कॉफीतल्या कॅफीनचंही असंच आहे, ते अंगात जास्त वेळ राहतं. आबांचा चहा दिवसाला सात-आठ कप, आणि बिडी सोडल्यापासून हाताला चाळा म्हणून आणखी वाढलेला.

म्हणजे आदल्या वर्षी आबांना घाबरवलं होतं ते बिडी सोडण्याने नव्हे, न बदललेल्या डोसने. पुन्हा बिडी पेटवली की यकृत परत घाईला यायचं, धडधड थांबायची, आणि दोष सोडण्यावर ढकलला जायचा. डॉक्टरांनी आबांना त्याच दिवशी केंद्रात बोलावून तपासलं, हृदयाचा आलेख काढून घेतला, गोळीचा डोस कमी केला आणि चहा दोन कपांवर आणायला सांगितला. आठवड्याभरात धडधड गेली. "मंग आते बिडीले काय दोष देवानं ऱ्हायनं नही," आबा म्हणाले. त्यांना हसू फुटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी एकटी असते तर ती पिशवी माझ्यासमोर कधी आली नसती. माझ्याकडे माणूस येतो तेव्हा कपडे बदलून, केस विंचरून येतो, गोळ्या घरीच राहतात. माईंनी विश्वासाने हाक मारली ती आशाताईंना, पिशवी उलटी करून घेतली मॅडमनी आणि डोस बदलण्याचा अधिकार डॉक्टरांचा होता.

श्रावण-भादवा बरा गेला. माझी काळजी रब्बीची होती. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की दादरीला पाणी भरायला रात्र जागावी लागते. थंडी, अंधार, बांधावर एकटं बसणं, आणि शेजारच्या शेतात कुणाच्या तरी तोंडाशी लाल ठिणगी. मार्गशीर्षात आबांनी तिथे बिडी घेतली. एका रात्री दोन. दुसऱ्या दिवशी आशाताईंना त्यांनी स्वतःहून सांगितलं, कारण त्या ओरडणार नाहीत हे एव्हाना त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, किती वाजता, कोण सोबत होतं, हातात काय होतं. त्यातून कळलं की तलफ मोटर चालू करून बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत येते. तलफेची एक लाट काही मिनिटांतच ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो. गावातल्याच आणखी एकाने त्या हंगामात बिडी सोडली होती, त्याचीही पाण्याची पाळी रात्रीचीच. दोघांना एकमेकांचे नंबर दिले. मोटर चालू केली की एकाने दुसऱ्याला फोन लावायचा, सोबत गूळ-शेंगदाणे. दोघं काय बोलत असत ते मी विचारलं नाही. पण पुढची पिकं त्यांनी बिडीशिवाय भिजवली.

बिडी सोडून पुडीवर येणाऱ्यांबद्दलही सांगायला हवं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत (गॅट्स) महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. खरा डोंगर तोंडात धरायच्या तंबाखूचा आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी तंबाखू-चुन्याची पुडी कुठल्याही टपरीवर मिळते. बिडी सोडलेल्या हातात ती आपोआप येते आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट तिथूनच जाते. बिडी टेंभुर्णीच्या पानाची म्हणून सौम्य, हाही समज सोडा. ती विझू नये म्हणून दम वारंवार आणि जोरात घ्यावा लागतो, त्यामुळे सिगारेटपेक्षा कमी विष छातीत जात नाही.

तुमच्या घरात कुणी बिडी सोडत असेल आणि दम्याच्या, मानसिक आजाराच्या, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर सोडायच्या आधीच डॉक्टरांना तारीख सांगा. गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. गोळ्यांची पट्टी कापून घेताना नाव असलेला तुकडा मागून घ्या. छातीत कळ आली, घाम फुटला, श्वास अडकला तर ती बिडीची तलफ समजून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. गावात आशाताईंना सांगा, नाहीतर तंबाखूच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

आबांची बिडी सुटली आहे. चढ अजून दमवतो, फुप्फुसाचं जे झालं ते सगळं भरून येणारं नाही आणि ते त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. माईंच्या मशेरीची डबी मात्र अजून चुलीजवळच्या कोनाड्यात आहे. आशाताईंनी त्यांचाही फॉर्म भरला आहे. माईंनी आखाजीनंतरची (अक्षय्य तृतीयेनंतरची) तारीख मागितली आहे, लेकी माहेरी येऊन गेल्यावर.