आफ्रिकन ग्रे पोपट घेऊन जर्मनीला जायचंय? आधी क्रम समजून घ्या

जर्मनीला जाताना पाळलेला आफ्रिकन ग्रे सोबत कसा न्यायचा, असं तुम्ही विचारलंत. पक्ष्याला इथेच कुणाच्या गळ्यात मारून जात नाही आहात, हे फार आवडलं. काम होण्यासारखं आहे, पण नवखे लोक आधी विमानाचं तिकीट काढतात आणि मग कागदांमागे धावतात. तिकीट सगळ्यात शेवटी काढा.

पहिलं काम म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर पक्ष्याची नोंद आहे का ते पाहा. 2024 च्या नियमांनुसार ती बंधनकारक आहे. खरेदीची पावती, पायातली रिंग आणि नोंद, तिन्हीकडचे तपशील तंतोतंत जुळू द्या. पावतीच नसेल, तर ते आधी निस्तरा. "सगळं मॅनेज करतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

आफ्रिकन ग्रे 2017 पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. त्यामुळे आधी जर्मनीचा आयात परवाना, मग भारताचा निर्यात परवाना. तिथला परवाना बीएफएन हे सरकारी खातं देतं. लोक नेमकं उलटं करतात.

मग उरतं ते असं:
- साइट्सचा निर्यात परवाना जास्तीत जास्त सहा महिने चालतो.
- क्रेट आयाटाच्या (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमांत बसणारा घ्या, बाजारातला साधा पिंजरा विमानात चालत नाही.

आणि हो, सोबत आपला देशी हिरवा पोपट किंवा चांदणी कासव न्यायचं मनात असेल, तर विसरा. वन्यजीव कायद्याने ते घरात पाळणंच गुन्हा आहे.

बर्ड फ्लूच्या चाचण्या, क्वारंटाइन वगैरे आयात परवाना हातात आला की विचारा.