इम्युनोथेरपीसाठी निपाणीजवळची शेती विकावी का?

तुम्ही लिहिता : वडील ६६ वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर चौथ्या टप्प्यात, यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, सुचवतात. दोन एकर ऊस आहे, गिऱ्हाईक तयार आहे, बहीण मात्र नको म्हणते.

आज विकू नका. बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके (गाठीच्या जनुकांतले बदल) आणि पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) या तपासण्या झाल्या का, ते पत्रात कुठेच नाही, आणि सगळा हिशेब त्यावर फिरतो. ईजीएफआरचा बदल निघाला तर रोजची एक गोळी. त्यातल्या जेफिटिनिब या गोळीचं जेनेरिक महिन्याला काही हजारांत येतं. अशा रुग्णाला नुसती इम्युनोथेरपी फारशी लागूही पडत नाही. वडील विड्या ओढायचे म्हणून ही शक्यता कमी, पण तपासल्याशिवाय सोडू नका.

पीडी-एल१ ५० टक्के किंवा वर आला, तर नुसत्या इम्युनोथेरपीलाही खरा अर्थ आहे. पेम्ब्रोलिझुमॅब हे त्यातलं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, म्हणजे वर्षाला सतराएक डोस, उपचार दोन वर्षांपर्यंत. एका डोसचा दर लाखात. जमीन कुठवर पुरेल ते तुम्हीच मांडा. हेही स्पष्ट सांगतो : या टप्प्यावर औषधं आयुष्य वाढवतात, बहुतेकांचा आजार मुळासकट जात नाही. म्हणून पैसे उपचार सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सीटी स्कॅनपर्यंत पुरतील एवढेच उभे करा. गाठ वाढलेली दिसली तर पुढचं पाऊल डॉक्टरांशी बोलूनच. तेवढ्यापुरतं सोनंतारण कर्ज चालेल. कंपनीची सवलत योजना आहे का, तेही हॉस्पिटलात विचारा.

निपाणी कर्नाटकात, तेव्हा बीपीएल कार्ड असेल तर ‘आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक’ योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, तेही दीड लाखांपर्यंत. सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र आधी घ्या, नंतर ॲडमिट व्हा. उलटं केलं की लोक अडकतात. इम्युनोथेरपी त्यात बसते का, ते आरोग्यमित्राकडून, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाकडून, लेखी घ्या. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली. दोन्ही सरकारांचं भांडण बाजूला ठेवून कोल्हापूरच्या हॉस्पिटलात फोन करून बघा.

जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणीची सही लागू शकते, तेव्हा तिला आत्ताच बोलणीत घ्या. आईच्या पुढच्या दिवसांचं काय, हा तिचाही प्रश्न असणार. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि इतर त्रास कमी करणारे उपचार, मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करा. २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात याच आजारात ते लवकर मिळालेल्यांचे दिवस बरे गेले, आणि ते जास्तही जगले. आणि वडिलांना स्वतःला काय हवंय, ते कुणी विचारलंय का?

तपासणीचे रिपोर्ट आले की परत लिहा, सोबत उताऱ्यावर नावं कुणाची आहेत तेही कळवा.