नळीतलं दूध, आतड्यातलं रक्त

प्रश्न : बाळ ३० आठवड्यांतच जन्मलं, वजन १२०० ग्रॅम. नाशिकला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) दर दोन तासांनी नळीने दूध देतात. नणंदेच्या बाळाला पंपाने सतत चालू असायचं. चांगलं कुठलं? (सिन्नर)

दूध पोटात पडलं की आतड्याच्या मोठ्या धमनीत रक्ताचा वेग वाढतो आणि मग ओसरतो. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत हे दिसतं. दोन तासांनी दूध दिलं की अशी भरती-ओहोटी होते. पंपाने थेंब थेंब गेलं की चढउतार कमी, म्हणून एकदम दूध न सोसणाऱ्या बाळाला काही डॉक्टर पंप लावतात. पण त्यात एक खोट आहे. दुधातला स्निग्धांश लांबलचक नळीला आतून चिकटून राहतो, म्हणजे वजन वाढवणारा भागच वाया! आजवरच्या अभ्यासांत एकाचंही पारडं ठामपणे जड ठरलेलं नाही, तेव्हा नणंदेशी तुलना सोडा. सिस्टर दूध कसं देतात ते बघा. दट्ट्या काढलेली सिरिंज उंच धरून दूध आपसूक उतरू देतात ना? दट्ट्याने ढकलणं मला पटत नाही.

प्रश्न : सुनेच्या सोनोग्राफीत नाळेतला प्रवाह उलटा होता. नातवाला दर वेळी जेमतेम १-२ मिली दूध देतात. एवढ्याने पोट कसं भरायचं? (एक आजी, पंचवटी)

आजी, ते पोट भरायला नाहीच. पोषण सध्या सलाइनमधून जातंय. हे थेंब आतड्याला जागं ठेवायला. नाळेतला प्रवाह उलटा म्हणजे बाळाला नाळेतून कमी मिळत होतं. असं झालं की बाळ पोटात असतानाच मेंदू-हृदयाकडे रक्त वळवतं आणि आतड्याच्या वाट्याला कमी येतं. जन्मानंतरही काही दिवस ते आतडं नाजूक असतं. म्हणून पूर्वी अशा बाळांना बरेच दिवस दूधच देत नसत. ब्रिटन-आयर्लंडमधल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅडेप्ट' चाचणीत काहींना दुसऱ्या, काहींना सहाव्या दिवशी दूध सुरू केलं. लवकरवाल्यांत आतड्याच्या गंभीर दाहाचं प्रमाण वाढलं नाही आणि पूर्ण दुधावरही ती आधी आली.

किती आणि कसं यापेक्षा कोणाचं दूध हे मला मोठं वाटतं. आईच्या दुधावर हा दाह कमी होतो. सुनेचा चीक थेंबभर निघाला तरी सिरिंजमध्ये धरा. अगदीच नसेल तर दूधपेढीचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळेल का विचारा. मुंबईत सायनला अशी पेढी १९८९ पासून आहे.

प्रश्न : घरी आल्यावर गुटी, मध कधी सुरू करू? (निफाड)

नको. दोन्ही नको. त्यापेक्षा पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर दूध थांबवून त्याच रात्री दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका.