धानोरीच्या गच्चीवरून ड्रोन उडवू द्यावा का?

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. त्याच्या मामाने त्याला ड्रोन दिलाय, वजन २४९ ग्रॅम. मुलगा म्हणतो, एवढ्या लहान ड्रोनला लायसन लागत नाही, मी गच्चीवरून उडवणार. आमच्या डोक्यावरून विमानं जातात. मला भीती वाटते. काय करू? – एक आई, धानोरी

उत्तर : ताई, मुलगा म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. (ते १८ वर्षांआधी मिळतही नाही.) पण वजनाची ही सवलत प्रमाणपत्रापुरती आहे, जागेला ती लागू नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवण्याचा ग्रीन झोन नाहीच. धानोरी तर लोहगाव विमानतळाला खेटून, आणि तिथे हवाई दलाचा तळ आहे. तेव्हा गच्चीवरून नाही म्हणजे नाही. त्यात त्या स्लॅबमधल्या सळ्यांमुळे ड्रोनचा कंपास (होकायंत्र) चुकतो, ते वेगळंच.

ड्रोन मात्र काढून घेऊ नका. गेली काही वर्षं मी मुलांना उडवायला शिकवतोय. या वयात हात जितके लवकर बसतात तितके माझ्या वयात बसत नाहीत.

शहराबाहेर नात्यातल्या कुणाचं मोकळं शेत असेल तर तिथे जा. निघण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघा, कारण पश्चिमेकडेही खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, पाषाणला संरक्षण संस्था आहेत. पुण्यात पोलीसही वेळोवेळी मनाई आदेश काढतात, म्हणून जवळच्या ठाण्यात विचारून घ्या.

आता थोडं मुलाशी बोलतो. बाळा, पहिले काही दिवस उंच जायचंच नाही. पाच-सहा मीटर लांब, डोळ्यांच्या उंचीवर, शेपटी तुझ्याकडे करून ड्रोन एका जागी धरून ठेव. ते जमलं की नाक उजवीकडे, मग डावीकडे. सगळ्यात शेवटी नाक तुझ्याकडे. इथे डावं-उजवं उलटं होतं आणि घाबरलेला हात रिमोटवरची नेमकी चुकीची काडी ढकलतो. माझ्याकडची बहुतेक मुलं इथेच ड्रोन आपटतात. हे झोपेतही जमेल तेव्हा इंग्रजी आठचा आकडा काढ.

ड्रोनला उडाल्या जागी आपोआप परत आणणारं ‘रिटर्न टू होम’चं बटण आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. तीन वर्षांपूर्वी मुळशीकडे मी परतीची उंची २० मीटर ठेवली होती, बांधावरचा आंबा त्याहून उंच होता. बॅटरी उतरली, ड्रोन सरळ उडाल्या जागेकडे निघाला आणि फांदीत शिरला. खाली शेतकऱ्याची मुलगी उभी होती. तिला काही लागलं नाही, पण त्या दिवसापासून मी आधी झाडं बघतो, मग उंची ठरवतो.

ताई, तुमच्यासाठीही काम आहे. मुलगा स्क्रीनकडे बघेल, तुम्ही आकाशाकडे बघा. ड्रोन नजरेआड होता कामा नये. “घार आली”, “बांधावरून माणूस येतोय” असं मोठ्याने सांगा आणि त्याने ते ऐकून लगेच उतरायचं, वाद नाही. थंडीत घारींची घरटी असतात, तेव्हा त्या ड्रोनवर झेपावतात. संक्रांतीच्या आठवड्यात तर उडवूच नका, मांजा दिसत नाही. घरी बॅटरी रात्रभर चार्जिंगला ठेवू नका आणि फुगलेली बॅटरी पुन्हा कधीच लावू नका.

पहिल्या दहा बॅटऱ्यांची, म्हणजे दहा उड्डाणांची, एक वही ठेवायला सांगा : जागा, वारा, किती मिनिटं, कुठे चुकलं. नाक समोर धरून पूर्ण एक मिनिट ड्रोन हलला नाही, की मला कळवा.