पुण्यात घटस्फोटाच्या केससाठी वकील कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याने दाखल केलेल्या अर्जाचं समन्स आलंय, तारीख तीन आठवड्यांवर आहे, पाच वर्षांची मुलगी तुमच्याजवळ आहे आणि नातेवाइकांनी मिळून सात वकिलांची नावं दिली आहेत. मी वकील नाही. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१८ ते २०२२ अशी चार वर्षं माझी केस चालली आणि त्यात माझे दोन वकील झाले, एवढ्याच भांडवलावर लिहिते.

पहिले वकील माझ्या मावशीच्या यजमानांचे मित्र. माणूस सज्जन, सातबारा आणि सोसायट्यांच्या भानगडींत नाव कमावलेला. पहिल्याच भेटीत म्हणाले, "काळजी सोडा, चार तारखांत सरळ करतो त्याला." मला इतकं बरं वाटलं की वकीलपत्रावर सही करताना त्यात काय लिहिलंय तेही वाचलं नाही. पुढे त्यांच्या दिवाणी कोर्टातल्या तारखा आणि माझ्या तारखा एकाच दिवशी यायला लागल्या. कोर्ट शेजारीच, पण ते काही यायचे नाहीत, ज्युनिअर यायचा. दर दोन-तीन महिन्यांनी नवा. एकदा पुकारा व्हायच्या जेमतेम मिनिटभर आधी त्या मुलाने फाईलची पिवळी दोरी सोडत मला विचारलं, "ताई, आपल्याला मुलगा आहे की मुलगी?" त्या दिवशी मुलीच्या ताब्याच्या अर्जावर युक्तिवाद होता. आत जाऊन त्याने पुढची तारीख मागितली, ती मिळाली, आणि मी अर्ध्या दिवसाची रजा वाया घालवून घरी आले.

म्हणून सात नावांतून निवडताना आधी एवढंच विचारा: हे वकील मुख्यतः कौटुंबिक न्यायालयात काम करतात का, आणि तारखेला स्वतः येतात का? त्यांच्या तोंडच्या उत्तरावर विसंबू नका. एक दिवस सुट्टी काढून सकाळी अकराच्या सुमाराला कोर्टाच्या इमारतीत नुसतं बाकावर जाऊन बसा. कोण पुकाऱ्याला हजर असतं, कोण पक्षकाराला बाजूला घेऊन नीट समजावतं, कोण जिन्यातच 'पुढची तारीख घेतली' एवढं सांगून पळतं, सगळं दिसतं. मी दुसरा वकील असाच शोधला. ऑनलाइन याद्या आणि रेटिंगचे तारे मला फारसे कामाचे वाटले नाहीत. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे कामात बुडालेली बरीच माणसं तिथे दिसतही नाहीत.

दुसऱ्या वकील मॅडमचं ऑफिस सदाशिव पेठेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबद्दल मी फुलस्केपची चौदा पानं लिहून नेली होती. त्यांनी ती खरंच वाचली आणि पेन्सिलने खुणा करत दीड पानावर आणली. "बाकीचं खरं आहे, पण कोर्टाला त्याचा उपयोग नाही," म्हणाल्या. मग पासबुक, पगाराच्या स्लिपा, घरभाडं, शाळेची फी, नवऱ्याच्या नोकरीची माहिती मागितली. पहिल्या वकिलांनी यातलं काहीच मागितलं नव्हतं. पोटगीच्या मागणीत दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात त्याचा नमुनाच घालून दिलाय, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही सांगितलंय. तुमच्या वकिलाने पहिल्या दोन भेटींत पैशांचे कागद मागितले नाहीत, तर मला तरी ते खटकेल. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज जितका उशिरा, तितके महिने तुमचेच जातात.

फीबद्दल लाजू नका. आपण भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि वकिलासमोर मान डोलावत बसतो. ठरवताना विचारा: पूर्ण केसचे एकरकमी की प्रत्येक तारखेचे? अंतरिम अर्जांचे वेगळे का? टायपिंग, नोटरी, झेरॉक्स कोणाकडे? उच्च न्यायालयात जावं लागलं तर? पावती मिळेल का? मिळणाऱ्या पोटगीत किंवा एकरकमी रकमेत कोणी टक्केवारी मागत असेल तर तिथूनच उठा, अशी फी घेण्याची वकिलांना मुभाच नाही. महाराष्ट्रात बायकांना घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, तेव्हा त्या नावाखाली कोणी मोठी रक्कम सांगितली तर कशाची ते विचारा. आणि वकील परवडतच नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 'फुकटचा वकील काय कामाचा' असं माझेही काका म्हणायचे. माझ्याच ओळखीत एकीची केस तिथल्या वकीलबाईंनी व्यवस्थित लढवली.

'खोटी-खरी फौजदारी टाकू, मग गुडघ्यावर येतील' असं पहिल्याच भेटीत सुचवणाऱ्याकडे जाऊ नका. खरोखर मारहाण, छळ झाला असेल तर तक्रार जरूर करा, कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे. पण नुसता दबाव म्हणून टाकलेली केस तुम्हालाही तितकीच वर्षं कोर्टात बसवते. 'तडजोड शक्य आहे का' हे विचारणारा वकील मला तरी कमकुवत वाटला नाही. माझं प्रकरण शेवटी परस्पर संमतीवरच मिटलं. हिंदू विवाह कायद्यात त्यासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. अटी पुऱ्या होत असतील तर ते सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. आमचं चार वर्षं फाटलेलंच होतं, त्यामुळे तशी माफी मिळाली.

आता फाईल. प्रत्येक अर्जाची, प्रत्येक 'से'ची (म्हणजे अर्जाला दिलेल्या लेखी उत्तराची), प्रत्येक आदेशाची प्रत स्वतःकडे ठेवा. ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. माझ्या पहिल्या वकिलांनी सांगितलेली तारीख आणि ॲपवरची तारीख दोनदा वेगळी निघाली, तेव्हा कुठे मला जाग आली. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, 'नंतर भरतो' म्हणाले तरी. वकील बदलायचा झाला तर आधीच्यांची एनओसी, म्हणजे ना-हरकत, घ्यायची पद्धत आहे. माझ्या वेळी ती द्यायला आणि कागद परत करायला महिना लावला, वर उरलेली फी आधी मोजा म्हणाले. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. मॅडमनी त्याचा उल्लेख करून दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि चौथ्या दिवशी फाईल मिळाली. त्यात माझ्या लग्नाच्या मूळ दाखल्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता.

राहता राहिली तुमची तारीख. मुलीला बरोबर नेऊ नका, कोणाकडे तरी ठेवा. मनासारखा वकील तोवर नाही मिळाला, तरी घाईत सातांतला कुठलातरी एक धरू नका, पण घरीही बसू नका. गैरहजर राहिलात तर केस एकतर्फी चालू शकते. कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराला स्वतः उभं राहता येतं, उलट तिथे वकील देण्यासाठीच परवानगी मागायची असते. समन्स आणि आधार कार्ड घेऊन जा, भिंतीवरच्या बोर्डात तुमचा नंबर बघा, नाव पुकारलं की पुढे व्हा आणि म्हणा, "मी हजर आहे, वकील नेमायला वेळ हवा." मीही पहिल्या वकिलांना सोडल्यावर एका तारखेला असंच म्हटलं होतं. आवाज बारीक निघाला, तर न्यायाधीशबाईंनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा नीट सांगितलं, पुढची तारीख मिळाली.