आईची चाल आणि मनगटावरचं घड्याळ

प्रश्न : आई ७६ वर्षांची, आमच्याकडे सांगलीत असते. भावाने कॅनडाहून तिला स्मार्ट घड्याळ पाठवलं. दोन महिन्यांत तिची रोजची पावलं २१०० वरून १३०० वर आली आहेत. भाऊ म्हणतो, आईला ‘फ्रेल्टी’, म्हणजे उतारवयात अंगातली ताकद खचत जाणारा अशक्तपणा, येतेय. आई म्हणते, मला काही झालेलं नाही. कुणाचं खरं मानू?

उत्तर : ताई, आधी एक बघा. चालताना आईचे हात कुठे असतात? माझे वडील हात पाठीमागे बांधून चालायचे. सकाळ-संध्याकाळ मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचे आणि घड्याळात जेमतेम चारशे पावलं! मी डॉक्टर असून घाबरले होते. मनगटावरचा सेन्सर हाताची हालचाल टिपतो. काठी धरली, वॉकर ढकलला, निऱ्या सावरत चाललं, की पावलं निसटतात.

पण आईची चालायची रीत पूर्वीचीच असेल, तर ही घट खरी धरा. आणि अलीकडे ती भिंतीला हात लावून चालू लागली असेल, तर आकडा चुकीचा असला तरी इशारा खराच आहे.

फ्रेल्टीच्या पाच खुणा अमेरिकेत लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मांडल्या. वर्षभरात न ठरवता साडेचार किलो वजन घटणं, सततचा थकवा, पकड ढिली पडणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन असल्या तर फ्रेल्टी, एक-दोन असल्या तर माणूस तिच्या उंबरठ्यावर. यातल्या शेवटच्या दोनच घड्याळाला नीट दिसतात. डब्याचं झाकण आता सुनेकडून उघडून घ्यावं लागतं, हे त्याला कुठून कळणार?

अशा सेन्सरच्या नोंदींवरून फ्रेल्टी ओळखायला संगणकाला शिकवायचे प्रयत्नही चालू आहेत. या मशीन लर्निंगमध्ये डॉक्टरांनी आधी तपासलेल्या माणसांच्या चालीच्या नोंदी संगणकाला देतात. पावलांची लय किती बिघडते, वळायला किती वेळ लागतो, यावरून तो फरक ओळखायला शिकतो. काम मोलाचं आहे, मला त्याबद्दल आशा आहे. पण बूट घालून चालणाऱ्यांवर शिकलेला संगणक नऊवारीतल्या, अनवाणी चालणाऱ्या आजीला चटकन ओळखेलच असं नाही.

म्हणून आज घरीच एक करा. फरशीवर चार मीटर अंतरावर खडूने दोन रेघा ओढा. आईला पहिल्या रेघेच्या थोडं मागून नेहमीसारखं चालू द्या, तुम्ही शेजारी राहा. रेघेपासून रेघेपर्यंत पाच सेकंदांहून जास्त लागले, तर या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. औषधांची पिशवी आणि मोबाइलमधला पावलांचा आलेख सोबत असू द्या. बी-१२, थायरॉईड, गुडघे, मोतीबिंदू, उदास मन, रक्तदाबाच्या गोळीचा वाढलेला डोस, यातलं काहीही चाल मंदावतं, आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहे. सुरुवातीची फ्रेल्टी व्यायामाने आणि पुरेशा प्रथिनांनी मागेही हटते. रात्री आई नुसता चहा-चपाती खाऊन झोपते का, तेवढं मला कळवा.