मी क्रोम वापरतो, मग हा मोझिला कोण?

प्रश्न : दादा नमस्कार, मी सिडकोत राहतो, सातपूरला एका वर्कशॉपमध्ये बिलिंगचं काम बघतो. परवा जेवणाच्या सुट्टीत क्रोममध्ये सहज एफ१२ दाबलं, नेटवर्क टॅबमध्ये गेलो, पेज रिफ्रेश केलं आणि पहिल्याच ओळीवर क्लिक केलं तर रिक्वेस्ट हेडर्स म्हणून हे एवढं भेंडोळं निघालं. त्यात युजर-एजंटपुढे मोझिला लिहिलंय, शेवटी सफारी पण आहे, आणि माझ्याकडे यातलं एकही नाही. विंडोज ११ आहे तर तिथे १० दाखवतंय. व्हायरस तर नाही ना? ही सगळी माहिती जाते कुठे? स्क्रीनशॉट जोडलाय, मित्रांच्या ग्रुपवर पण टाकणार आहे, कोणाला कळलं तर.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ग्रुपवर टाकू नका! टाकला असेल तर आधी तो डिलीट करा, मग त्या साइटवरून लॉगआउट होऊन परत लॉगइन करा, बाकीचं नंतर वाचा. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये कुकीची ओळ अख्खी दिसतेय. मोझिलाला घाबरलात आणि घाबरायची गोष्ट मला मेलवर पाठवून दिलीत. मी माझ्याकडचा फोटो पुसलाय.

कुकी म्हणजे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला समजा. तो माणूस तोंड बघत नाही, बिल्ला बघतो न् चपला काढून देतो. एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर न् सर्व्हरने एकमेकांशी बोलायच्या नियमांना, मुळात आठवणच नाही, प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्यासाठी नवीन गिऱ्हाईक, म्हणून १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुलीने ही कुकीची युक्ती काढली : सर्व्हरने एकदा बिल्ला द्यायचा, ब्राउझरने दर खेपेला तो हेडरमध्ये, म्हणजे पान मागताना सोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत, परत दाखवायचा. त्यामुळे लॉगइन झालेल्या साइटची कुकी दुसऱ्याच्या हातात गेली की बऱ्याच ठिकाणी तो पासवर्ड न विचारता तुमच्या नावाने आत. लॉगआउट केल्यावर नीट बांधलेल्या साइटवर जुना बिल्ला रद्द होतो, तरी धाकधूक असेल तर पासवर्डही बदला.

आता मोझिला. व्हायरस नाही, तीस वर्षांची थापेबाजी आहे ती. नेटस्केपचा ब्राउझर आला तेव्हा स्वतःची ओळख मोझिला अशी सांगायचा. त्याला फ्रेम्स वगैरे जमायचं, म्हणून साइटवाले युजर-एजंटमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या ओळखीच्या ओळीत, मोझिला दिसलं तरच चांगलं पान द्यायचे, बाकीच्यांना साधं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्लोररला पण चांगलं पान हवं होतं, त्याने सरळ मी पण मोझिला, कंपॅटिबल आहे, असं सांगायला सुरुवात केली. पुढे ॲपलने केएचटीएमएल नावाच्या इंजिनावरून (इंजिन म्हणजे पान स्क्रीनवर मांडणारा भाग) वेबकिट बनवलं, २००३ मध्ये सफारी आला, त्याने मोझिला ठेवलं आणि वर लाइक गेको म्हणजे गेकोसारखा (गेको हे मोझिलावाल्यांचं इंजिन) असंही जोडलं, आणि २००८ मध्ये क्रोम त्याच वेबकिटवर आला तेव्हा त्याला सफारीसाठीची पानं मिळायला हवी म्हणून त्याने सफारी हे नाव पण तसंच राहू दिलं. सोसायटीच्या लग्नात जेवायला जाताना मुलाकडचा, मुलीकडचा, दोन्हीकडचा सांगणाऱ्यातली गत. आज कोणाची हिंमत नाही ते काढायची, कुठली तरी जुनी साइट बंद पडेल म्हणून. विंडोजचंही तेच, ११ असलं तरी क्रोम तिथे विंडोज एनटी १०.० असंच लिहितो, तो आकडा आता गोठलाय. म्हणून म्हणतो, त्या ओळीवरून कोणी तुमच्या मशीनबद्दल काही छातीठोक सांगायला लागलं तर हसून सोडा.

उरलेल्या ओळीत होस्ट महत्त्वाची. कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॉम्प्लेक्सचा पत्ता एकच असतो न् आत पन्नास दुकानं, तसं एकाच आयपी पत्त्यावर ढीगभर वेबसाइट्स असतात, त्यातली कुठली पाहिजे ते होस्ट सांगतो. एचटीटीपी १.१ मध्ये तो सक्तीचाच झाला. तुम्हाला होस्टऐवजी ऑथॉरिटी दिसलं असेल तर साइट एचटीटीपी २ किंवा ३ वर चालतेय, काम तेच. ॲक्सेप्ट-एन्कोडिंग म्हणजे फाइल दाबून छोटी करून पाठवली तरी मला उलगडता येते एवढंच. रेफरर म्हणजे कुठल्या पानावरून आलात ते, आणि गंमत म्हणजे त्या हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक आर कमी आहे, ती चूक १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात तशीच छापली गेली आणि आता जगभर तीच बरोबर. आता बहुतेक ब्राउझर दुसऱ्या साइटला पूर्ण पत्ता न देता फक्त साइटचं नाव कळवतात.

कुठे जाते माहिती? ज्या साइटला रिक्वेस्ट गेली तिच्याकडे, आणि त्या पानात ज्यांच्या जाहिराती न् फोटो जोडलेत त्यांच्याकडेही वेगवेगळी रिक्वेस्ट जाते. एचटीटीपीएस, म्हणजे कुलूप लावलेलं एचटीटीपी, असेल तर चहाच्या टपरीवरच्या वायफायवाल्याला हेडर वाचता येत नाहीत, बहुधा साइटचं नाव तेवढं कळतं. तुमचा आयपी पत्ता या यादीत शोधू नका, तो हेडरमध्ये नसतो, पाकिटावरच्या पत्त्यासारखा खालच्या थरातच जातो.

प्रश्न : एकच वेबसाइट मुलाच्या मोबाईलवर मराठीत उघडते, माझ्या लॅपटॉपवर इंग्रजीतच. साइटवाले म्हणतात आमच्याकडून ठीक आहे.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, दादा जे असाल ते, साइटवाले खरं बोलत असतील. ॲक्सेप्ट-लँग्वेज नावाचा हेडर असतो, त्यात भाषा पसंतीक्रमाने जातात, पुढे क्यू बरोबर ०.९, ०.८ असे गुण, आणि जिच्यापुढे काहीच नाही तिला १ धरतात. तुमच्या लॅपटॉपवर इंग्रजी पहिली असणार न् मराठी नसणारच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये भाषा उघडा, मराठी ॲड करा, तीन टिंबांवर दाबून सगळ्यात वर न्या, मग पेज रिफ्रेश. तरीही इंग्रजीच आली तर ती साइट हेडरकडे बघतच नाहीये. काही जण नुसतं लोकेशन बघतात आणि भारत दिसला की हिंदी पुढे करतात, तिथे पानाच्या कोपऱ्यात भाषेचं बटण शोधायचं.